भूजल, शृतजल आणि क्वाथ : कोल्हापूर जिल्ह्याच्या संदर्भात पेयजलाचा विचार

प्रस्तावना

‘पाणी उकळून, गार करून प्यावे’ हे वाक्य आपणा वैद्यांच्या औषधपत्रावर इतके नित्याचे झाले आहे की ते लिहिताना त्याचा अर्थ क्वचितच तपासला जातो. अतिसार असो, कामला असो, ज्वर असो वा केवळ अग्निमांद्य असो, पथ्याच्या यादीत शृतजल पहिल्या ओळीत असते. ते योग्यच आहे. परंतु जे पाणी रुग्ण उकळणार आहे ते आले कोठून, हा प्रश्न त्या वाक्याच्या आधी यावयास हवा. नदीवरून आलेले नळाचे पाणी, परसातील आडाचे पाणी आणि दोनशे फूट खोल विंधन विहिरीचे पाणी ही गुणांनी एकसारखी द्रव्ये नाहीत. अग्निसंस्काराने त्यांतील काही दोष नष्ट होतात, काही तसेच राहतात आणि काही तर वाढतात.

प्रस्तुत लेखात आम्ही जिल्ह्यातील भूजलाची स्थिती, संहितांतील जलविचार, पेयजलाची आजची मानके आणि चिकित्सालयात व औषधनिर्मितीत पाळावयाची शिस्त यांचा क्रमाने विचार करीत आहोत. पाचवा भाग मुख्यतः औषधालयांच्या मालकांसाठी आहे. परंतु घरी काढा करून घेण्यास सांगणाऱ्या प्रत्येक वैद्याने तोही अवश्य वाचावा.

१. जिल्ह्याची भूमी आणि तिचे पाणी

कोल्हापूर हा पाण्याने संपन्न जिल्हा समजला जातो. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानली गेलेली सरस्वती यांची मिळून पंचगंगा होते व ती नृसिंहवाडी येथे कृष्णेस मिळते. छत्रपती शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावतीवर राधानगरी धरणाचे काम हाती घेतले, त्याचे फळ आजही शेती व शहर भोगत आहे. नद्या व धरणे डोळ्यांसमोर असल्यामुळे जमिनीखालच्या पाण्याकडे मात्र आपले लक्ष सहसा जात नाही. वाड्यावस्त्या, मळ्यातील घरे, शाळा, मंगल कार्यालये, लहान उद्योग आणि शहरातील अनेक गृहसंकुले यांचे पाणी पुष्कळदा विहिरीचे किंवा विंधन विहिरीचे असते. तेच वापराचे पाणी आणि टंचाईच्या दिवसांत तेच पिण्याचे पाणी होते.

आपला जिल्हा दख्खनच्या काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर वसलेला आहे. हा खडक मुळात घट्ट आहे. वाळूच्या थरासारखे तो पाणी धरीत नाही. वरचा मुरूम, पोकळ्या असलेला सच्छिद्र खडक आणि खडकातील सांधे व भेगा यांतच काय ते पाणी साठते आणि वाहते. म्हणूनच एका बांधावरील विंधन विहिरीस भरपूर पाणी लागते आणि वीस पावलांवरची कोरडी जाते. या रचनेचा आरोग्याशी थेट संबंध आहे. वाळूच्या जाड थरातून झिरपताना पाणी काही प्रमाणात गाळले जाते. भेगेतून धावणारे पाणी जवळजवळ गाळले जात नाही. शोषखड्डा, गोठा किंवा फुटलेले गटार यांतील मैला भेगेच्या वाटेने अल्पकाळात विहिरीत पोहोचू शकतो. विहीर आणि शौचालय यांत किमान १५ मीटर अंतर असावे असा सर्वसाधारण नियम आहे. परंतु भेगाळ खडकात एवढे अंतर म्हणजे अभय नव्हे. ‘खोल पाणी ते शुद्ध पाणी’ ही समजूत आपल्या भागात तरी निराधार आहे.

जिल्ह्याचे दोन टोकांचे दोन स्वभाव आहेत. पश्चिमेस गगनबावड्याला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेस शिरोळला तो पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास असतो. ही दोन ठिकाणे शंभर किलोमीटरच्या आसपास अंतरावर आहेत. पश्चिमेकडे उतार तीव्र व मुरण्यास जागा थोडी, त्यामुळे एवढा पाऊस झरझर वाहून जातो. डोंगरमाथ्यावरील जांभ्याच्या टोपीखालून निघणारे झरे फाल्गुन-चैत्रात क्षीण होतात आणि धनगरवाड्यांना उन्हाळ्यात डवऱ्यातील पाणी भरावे लागते. पूर्वेकडे प्रश्न निराळा आहे. तेथे काळी खोल जमीन, उसाचे सलग क्षेत्र, पाटाचे व उपसा योजनांचे पाणी आणि रासायनिक खते यांमुळे जमिनी क्षारपड झाल्या. शिरोळ तालुक्यात जमिनीखाली निचरा नळ्या टाकून अशा जमिनी सुधारण्याचे काम झाले आहे, हे सर्वज्ञात आहे. जे क्षार जमिनीवर पांढरे फुटतात, तेच त्या भागातील विहिरींच्या पाण्यात विरघळलेले असतात. ग्रामस्थ अशा पाण्यास मचूळ किंवा सवळ म्हणतात.

सारांश, पश्चिमेस पाणी गोड परंतु अपुरे व उघडे, पूर्वेस पाणी पुरेसे परंतु सक्षार, असे स्थूलमानाने म्हणता येईल. वैद्याचा सल्ला दोन्हीकडे एकच असून चालणार नाही.

२. संहितांतील जलविचार

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात, वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात आणि चरकसंहितेत अन्नपानविधी अध्यायात जलाचे विवेचन आले आहे. आपल्या विषयापुरते त्यातील चार मुद्दे महत्त्वाचे आहेत.

पहिला मुद्दा भूमीचा. आंतरिक्ष जल मूलतः अव्यक्त रसाचे असते. भूमीवर पडल्यावर त्या त्या भूमीतील महाभूतांच्या आधिक्यानुसार त्यास रस प्राप्त होतो, असे सुश्रुत सांगतात. पृथ्वीगुणभूयिष्ठ भूमीत ते अम्ल व लवण, जलगुणभूयिष्ठ भूमीत मधुर, तर वायुगुणभूयिष्ठ भूमीत कषाय होते. पाणी हे ज्या खडकातून व मातीतून जाते त्याचे द्रव्य घेऊन येते, हे आजच्या भूजलशास्त्राचे पहिले सूत्र यात स्पष्ट दिसते.

दुसरा मुद्दा स्रोताचा. सुश्रुतांनी भौम जलाचे कौप, नादेय, सारस, ताडाग, प्रास्रवण, औद्भिद आणि चौण्ट्य असे सात प्रकार केले असून प्रत्येकाचे गुण निरनिराळे सांगितले आहेत. त्यात कौप जल सक्षार, पित्तकर, कफघ्न, दीपन व लघु म्हटले आहे. विहिरीच्या पाण्याचा सक्षारत्व हा गुण ग्रंथकारांनी आरंभीच नोंदविला, हे ध्यानात घ्यावे. विंधन विहीर संहिताकाळी नव्हती. परंतु खडकाशी दीर्घ काळ संबंध आलेले तिचे पाणी कौप जलाच्याच वर्गात, किंबहुना अधिक सक्षार मानणे युक्तीस धरून होईल. ज्या रुग्णात पित्त आधीच प्रकुपित आहे, मूत्रवह स्रोतसाची दुष्टी आहे वा शोथ आहे, तेथे या एका गुणाचा विचार झालाच पाहिजे.

तिसरा मुद्दा परीक्षेचा. स्पर्श, रूप, रस, गंध, वीर्य आणि विपाक असे व्यापन्न जलाचे सहा दोष सुश्रुतांनी सांगितले आहेत. यांतील पहिले चार इंद्रियगम्य आहेत. वीर्यदोष आणि विपाकदोष मात्र पाणी प्याल्यानंतर शरीरावर होणाऱ्या परिणामांवरून कळतात. दिसावयास निर्मळ, चवीस गोड आणि तरीही रोगकारक पाणी असू शकते, ही गोष्ट आचार्यांना पूर्ण ठाऊक होती. आज प्रयोगशाळा जे तपासते ते बहुतांशी याच दोन दोषांचे क्षेत्र आहे.

चौथा मुद्दा जनपदोद्ध्वंसाचा. चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायात वायू, उदक, देश आणि काल हे चार भाव बिघडले असता भिन्न प्रकृतीची माणसेही एकाच वेळी एकाच व्याधीने पीडित होतात, असे सांगितले आहे. यांत वायूपेक्षा उदक, उदकापेक्षा देश व देशापेक्षा काल टाळण्यास अधिक कठीण म्हटले आहे. एका गल्लीतील पाच जणांना एकाच पंधरवड्यात कामला झाली, तर पाच प्रकृतींचा स्वतंत्र विचार करण्याआधी एका उदकाचा विचार करावा, हा या अध्यायाचा व्यवहारातील अर्थ होय.

३. जलदोषांचे दोन गट

व्यवहारासाठी आम्ही जलदोषांचे दोन गट करतो. पहिला गट सजीव दोषांचा : जिवाणू, विषाणू, कृमींची अंडी इत्यादी. दुसरा गट विलीन दोषांचा : पाण्यात विरघळलेले क्षार, नायट्रेट, फ्लोराइड, लोह इत्यादी. हा भेद मनात पक्का ठसला पाहिजे, कारण दोहोंची चिकित्सा एक नाही.

सजीव दोषांवर अग्नी हा श्रेष्ठ उपाय आहे. पाण्यास खळखळून उकळी आणून ती काही मिनिटे टिकविली, झाकून गार केले आणि ओगराळ्याने काढले, तर रोगजंतूंचे भय राहत नाही. सुश्रुतांनी अग्निक्वथन, सूर्यतापन आणि तापविलेला लोहगोल, वाळू वा मातीचे ढेकूळ पाण्यात विझविणे हे उपाय सांगितले आहेत. गढूळपणासाठी कतक म्हणजे निवळीचे बी, वस्त्र इत्यादी सात प्रसादनेही सांगितली आहेत. येथे एक सावधगिरी हवी. निवळी वा तुरटी पाणी नितळ करते, निर्जंतुक करीत नाही. प्रसादन आणि क्वथन हे दोन वेगळे संस्कार असून गढूळ पाण्यास दोन्ही क्रमाने करावे लागतात.

ताम्रपात्राविषयी नेहमी विचारणा होते. तांब्याच्या भांड्यात सोळा तास ठेवलेल्या पाण्यात अतिसार उत्पन्न करणारे जिवाणू नष्ट झाले आणि तांब्याचे प्रमाण सुरक्षित मर्यादेत राहिले, असा बंगळूर येथील संशोधकांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु तो निष्कर्ष जिवाणूंपुरता आहे. साथीच्या काळात ताम्रपात्र हा क्वथनाचा पर्याय समजू नये.

आता विलीन दोष. भारतीय मानक १०५०० अनुसार पेयजलात एकूण विद्राव्य घटकांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम असून दुसरा स्रोत नसल्यास २,००० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. एकूण कठिणता २०० व नाइलाजाने ६००, क्लोराइड २५० व नाइलाजाने १,०००, फ्लोराइड १ व नाइलाजाने १.५ मिलिग्रॅम अशी मानके आहेत. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे आणि तीत कोणतीही सवलत नाही. ई-कोलाय हे जिवाणू १०० मिलिलिटर पाण्यात आढळताच कामा नयेत.

पाणी उकळताना वाफ जाते. क्षार, नायट्रेट आणि फ्लोराइड जात नाहीत. कठिणतेचा काही भाग भांड्याच्या तळाशी पांढऱ्या थराच्या रूपाने बसतो, परंतु बाकीचे सर्व उरलेल्या पाण्यात घट्ट होते. अर्धावशेष केलेल्या पाण्यात नायट्रेट दुप्पट होते, पादावशेषात चौपट. म्हणजे पूर्व भागातील एखाद्या सक्षार विहिरीचे पाणी जितके अधिक आटवावे तितके ते अधिक सदोष होत जाते. शृतजल हे लघु व दीपन खरे, पण मूळ जल निर्दोष असेल तेव्हा.

नायट्रेटचा प्रश्न अर्भकांत विशेष गंभीर आहे. नत्रयुक्त खते आणि मैला ही त्याची दोन प्रमुख उगमस्थाने आहेत. सहा महिन्यांखालील बालकात नायट्रेटपासून बनणारे नायट्राइट रक्तातील हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची शक्ती हरण करते. बालकाचे ओठ व नखे निळसर-करडी दिसू लागतात. वरचे दूध अशा विहिरीच्या पाण्यात कालविले जात असेल तर ते पाणी उकळल्याने धोका टळत नाही, उलट वाढतो. सहा महिने निव्वळ स्तनपान हा यावरील सर्वोत्तम उपाय आहे. बाळगुटी उगाळावयाचीच असेल तर ती आईच्या दुधात उगाळावी. निळसर बालक हा आपल्या चिकित्सालयात थांबविण्याचा रुग्ण नव्हे. त्यास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

मुतखडा आणि कठीण पाणी यांचा संबंध लोकांत ठाम मानला जातो. मात्र केवळ कठिणतेमुळे अश्मरी होते असे निर्णायकपणे सिद्ध झालेले नाही. पाणी कमी पिणे हे कारण त्याहून अधिक निश्चित आहे. मचूळ चवीमुळे रुग्ण पाणीच कमी पितो, ही साखळी विचारात घ्यावी. फ्लोराइडचा प्रश्न आपल्या राज्यात यवतमाळ, चंद्रपूर यांसारख्या जिल्ह्यांत ठळक आहे. तेथून आलेल्या रुग्णात दातांवरील डाग व संधिग्रह दिसल्यास त्याचे स्मरण ठेवावे.

४. साथ, महापूर आणि वैद्याची जागरूकता

२०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली आणि त्यात मृत्यूही झाले. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या काविळीत ई प्रकारच्या विषाणूचा वाटा मोठा असतो. त्याच्या दोन गोष्टी प्रत्येक वैद्यास ठाऊक असाव्यात. एक, त्याचा अधिशयनकाल दोन ते दहा आठवड्यांचा आहे. रुग्ण आपल्यासमोर पिवळ्या डोळ्यांनी येतो तेव्हा ते दूषित पाणी पिऊन सरासरी महिना-दीड महिना झालेला असतो. म्हणून ‘सध्या कोणते पाणी पिता’ एवढे विचारून भागत नाही, ‘गेल्या दोन महिन्यांत कोठकोठले पाणी प्यालात’ असे विचारावे लागते. दुसरी, गर्भिणीत, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, ही कामला प्राणघातक ठरू शकते. गर्भिणी कामलेच्या रुग्णेस केवळ आरोग्यवर्धिनी व पथ्य यांवर घरी ठेवणे उचित नाही. तिला सर्व सोयींच्या रुग्णालयात पाठविणे हेच शास्त्रसंमत वर्तन होय.

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गुलेन-बारे विकाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. काही रुग्णांच्या मलपरीक्षणात कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि पाण्याच्या स्रोतांकडे यंत्रणेचे लक्ष वेधले गेले. आपल्या दृष्टीने यातील बोध असा की जलजन्य व्याधी नेहमी अतिसाराच्याच रूपाने येईल असे नाही. काही दिवसांपूर्वी जुलाब झाले होते आणि आता पायांतील बळ वेगाने कमी होत वर चढत आहे, असे सांगणारा रुग्ण वातव्याधी म्हणून आपल्याकडे स्नेहन-स्वेदनासाठी येऊ शकतो. त्यास त्याच क्षणी पुढे पाठवावे. श्वसनाचे स्नायू दुर्बल होण्यास फार वेळ लागत नाही.

महापुराचा अनुभव तर आपणा सर्वांचा आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी नदीने ती बरीच मागे टाकली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये उपसा केंद्रे पाण्याखाली गेल्यामुळे शहराचा नळाचा पुरवठा कित्येक दिवस खंडित झाला. सभोवार पाणीच पाणी आणि प्यावयास टँकरची वाट, अशी ती स्थिती होती. त्या दिवसांत अनेक वस्त्यांना जुन्या विहिरी व विंधन विहिरी यांनीच तारले. काळम्मावाडी धरणातून थेट नळाने आणलेले पाणी २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये शहरात पोहोचले, ही मोठी सोय झाली. तरीही आपत्तीत भूजल हाच जवळचा आधार राहणार. आणि पूर ओसरल्यावर सर्वांत दूषित असतात त्याही याच विहिरी. ज्या विहिरीच्या कठड्यावरून किंवा विंधन विहिरीच्या तोंडावरून पुराचे पाणी गेले, ती शुद्ध करून व तपासून घेईपर्यंत पिण्यासाठी वर्ज्य समजावी.

विहिरीच्या शुद्धीकरणाचे गणित वैद्यास करता आले पाहिजे. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करावा, त्यास पाण्याच्या खोलीने व नंतर ७८५ ने गुणावे. येणारा आकडा लिटरमध्ये असतो. उदाहरणार्थ, व्यास ४ मीटर व पाणी ३ मीटर असेल तर ४ × ४ × ३ × ७८५ म्हणजे ३७,६८० लिटर पाणी झाले. नेहमीच्या शुद्धीकरणासाठी चांगल्या प्रतीची टीसीएल पावडर हजार लिटरला सुमारे अडीच ग्रॅम लागते. म्हणजे या विहिरीस सुमारे ९५ ग्रॅम. पावडर बादलीत कालवून, गाळ तळाशी बसू देऊन वरचे निवळ पाणी विहिरीत सोडावे, बादलीने ढवळावे व एक तास थांबावे. पुरानंतर प्रथम गढूळ पाणी उपसून विहीर साफ करावी लागते व मात्राही आरोग्य विभागाच्या सूचनेनुसार वाढवावी लागते. शेवटी ओटी परीक्षा करावी. ग्राहकाच्या नळाशी किमान ०.२ मिलिग्रॅम अवशिष्ट क्लोरीन असणे आवश्यक आहे. उघडी, ओल लागलेली पावडर निःसत्त्व होते, हे ग्रामपंचायतीच्या लक्षात आणून द्यावे.

५. क्वाथनिर्मितीतील पाणी

शार्ङ्गधराच्या परिभाषेनुसार एक भाग द्रव्यास सोळा भाग पाणी घालून अष्टमांश उरवावयाचा. ५० ग्रॅम भरडीस ८०० मिलिलिटर पाणी घातले व १०० मिलिलिटर क्वाथ उरला असे धरू. पाण्यात विद्राव्य घटक लिटरला १,६०० मिलिग्रॅम असतील, तर त्या ८०० मिलिलिटरमध्ये ते १,२८० मिलिग्रॅम, म्हणजे सव्वा ग्रॅमहून अधिक होतात. तळाशी थर बसून कमी होणारा भाग वगळता हे सर्व १०० मिलिलिटर क्वाथात उतरतात. नायट्रेट मर्यादेवर, म्हणजे नेमके ४५ असेल, तर क्वाथात ते लिटरला ३६० या प्रमाणात येते. मोठ्या माणसास दिवसाकाठी दोन मात्रांतून ते अल्प वाटेल. परंतु बालक, गर्भिणी, वृक्कविकारी व उच्च रक्तदाबाचे रुग्ण यांच्याबाबत ते उपेक्षणीय नाही. औषध म्हणून जे देतो त्यातच अपथ्य जाऊ नये.

घन, अवलेह आणि आसवारिष्टे यांत हा प्रश्न आणखी पुढे जातो. १० लिटर क्वाथजल आटवून घन केला आणि पाण्यात वरीलप्रमाणेच क्षार असतील, तर त्या घनात सुमारे १६ ग्रॅम क्षार मूळ द्रव्याचे नसून पाण्याचे असतात. अशा नमुन्याची राख मर्यादेबाहेर गेल्यास व्यापाऱ्याने वनस्पतीत माती मिसळली असा संशय घेतला जातो, तेव्हा दोष कधीकधी आपल्याच विंधन विहिरीत असतो. हिरडा, बेहडा, अर्जुनसाल, बाभूळसाल अशा कषाय द्रव्यांतील टॅनिन पाण्यातील लोहाशी संयोग पावून काढा काळा-निळा होतो. त्रिफळा क्वाथाचा रंग प्रत्येक घाण्यास बदलत असेल तर आधी पाणी व जलवाहिनी तपासावी. आसवारिष्टांत क्वाथ गार झाल्यावर वरून मिसळलेले क्लोरीनयुक्त पाणी किण्वनास बाध आणते. ते आधी उकळून घ्यावे.

औषधनिर्मितीसाठीच्या शेड्यूल टी मध्ये वापरावयाचे पाणी शुद्ध व पेय दर्जाचे असावे, अशी स्पष्ट अट आहे. आमच्या मते ही किमान पायरी होय. क्वाथासाठी मृदू पाणीच वापरावे. त्याचे दोन मार्ग आहेत. एक, उलट परासरणाचे, म्हणजे आरओ पद्धतीचे यंत्र. त्यातून बाहेर पडणारे अतिक्षार पाणी फरशी धुण्यास वापरावे. ते शोषखड्ड्यात किंवा जुन्या विंधन विहिरीत सोडणे म्हणजे शेजाऱ्याचे पाणी खारे करणे होय. दुसरा मार्ग आचार्यांनी श्रेष्ठ मानलेल्या आंतरिक्ष जलाचा. कोल्हापूर शहरात वर्षाला सुमारे १,००० मिलिमीटर पाऊस पडतो असे धरले, तर १०० चौरस मीटर छपरावर एक लक्ष लिटर पाणी पडते. वीस टक्के वाया गेले तरी ऐंशी हजार लिटर हाती येते. पहिल्या पावसांचे पाणी सोडून द्यावे, छप्पर स्वच्छ असावे, गाळणी असावी आणि टाकी अंधारी व झाकलेली असावी. लहान औषधालयाच्या वर्षभराच्या क्वाथांचा मोठा भाग यातून भागेल. हेच पाणी गाळून न घेता थेट विंधन विहिरीत सोडणे मात्र धोक्याचे आहे. छपरावरील घाण त्याच वाटेने भूजलात उतरते.

६. रुग्णपरीक्षणात जलेतिहास

आहार, निद्रा, मल-मूत्र यांप्रमाणे जल हाही प्रश्नपरीक्षेचा स्वतंत्र विषय असावा, अशी आमची सूचना आहे. पुढील पाच प्रश्न पुरेसे आहेत : (१) घरी पिण्याचे पाणी कोणत्या स्रोताचे? (२) कामाच्या, शाळेच्या ठिकाणी कोणते? (३) गेल्या दोन महिन्यांत स्रोत बदलला का, पूर, टँकर, जलवाहिनीची फूट असे काही घडले का? (४) साठवण व पाणी काढण्याची पद्धत कोणती? (५) घरात वा शेजारी अन्य कोणी तसेच आजारी आहे का?

एक रुग्ण उदाहरण म्हणून देतो. शिरोळ भागातील अठ्ठावन्न वर्षांचे एक गृहस्थ उच्च रक्तदाब व पायांवरील सूज घेऊन आमच्याकडे आले. मीठ जवळजवळ सोडलेले, औषधे नियमित, तरी सूज हटत नव्हती. वरील प्रश्न विचारता असे कळले की ते मळ्यातील विंधन विहिरीचे पाणी पितात आणि एका नातलगाच्या सांगण्यावरून ते अर्धे आटवून पितात. पाणी तपासून घेतले असता क्लोराइड व विद्राव्य घटक स्वीकार्य मर्यादेच्या बरेच वर आढळले. आम्ही पाणी बदलविले व आटविणे बंद केले. आधुनिक औषधे त्यांच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने तशीच चालू ठेवली. पुढील काही आठवड्यांत सूज उतरली. एका रुग्णावरून सिद्धांत होत नाही. परंतु ताटातले मीठ मोजणाऱ्या वैद्याने तांब्यातले मीठही मोजावे, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

७. तपासणी आणि सार्वजनिक कर्तव्य

पाण्याची रासायनिक व अणुजैविक तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या तसेच सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्रयोगशाळांत होते. विहिरीचे पाणी पावसाळ्यापूर्वी एकदा व पावसाळ्यानंतर एकदा असे वर्षातून दोनदा तपासावे, कारण या दोन काळांत एकाच विहिरीचे गुण भिन्न असतात. अणुजैविक नमुना निर्जंतुक बाटलीतच घ्यावा व थंड ठेवून लवकर पोहोचवावा. आपल्या राज्यात पाण्याच्या स्रोतांच्या स्वच्छता सर्वेक्षणानंतर ग्रामपंचायतींना लाल, पिवळी वा हिरवी कार्डे देण्याची पद्धत आहे. आपण ज्या गावात व्यवसाय करतो त्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे, हे वैद्यास ठाऊक असावे.

१९९३ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने सार्वजनिक पेयजल स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर घेण्यास मनाई केली. पुढे २००९ चा अधिक व्यापक अधिनियम आला. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागात दरडोई दररोज ५५ लिटर पाणी नळाने देण्याचे उद्दिष्ट ठेवले. नळ घरापर्यंत येणे ही अर्धी गोष्ट. त्या नळाच्या मुळाशी असलेली विहीर उन्हाळ्यात टिकणे व बारमाही निर्दोष राहणे ही उरलेली अर्धी. तीत वैद्याचा वाटा आहे. एकाच वस्तीतून अतिसार वा कामलेचे दोन-तीन रुग्ण लागोपाठ आले तर प्राथमिक आरोग्य केंद्रास किंवा महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांस त्याच दिवशी कळवावे. आपल्या नोंदवहीत रुग्णाच्या नावापुढे पाण्याचा स्रोत लिहिलेला असेल, तर ही साखळी आपल्या ध्यानात सर्वांआधी येईल.

समारोप

जल हे जीवन म्हणून आपण त्याची स्तुती करतो; आचार्यांनी मात्र त्याची परीक्षा केली. स्रोत, भूमी, ऋतू व संस्कार पाहून मगच ते पेय की वर्ज्य, हे ठरविले. ‘उकळून प्या’ हा त्या परीक्षेचा शेवट आहे, आरंभ नव्हे. सजीव दोषास अग्नी, विलीन दोषास स्रोतबदल वा योग्य शुद्धियंत्र, आणि दोन्हींच्या निर्णयासाठी प्रश्न व तपासणी, एवढे सूत्र ध्यानी ठेवावे. वैद्यबंधू-भगिनींनी पुढील तीन महिने प्रत्येक रुग्णपत्रिकेवर जलस्रोताची नोंद ठेवावी व औषधालयांनी आपल्या क्वाथजलाचा तपासणी अहवाल दर्शनी लावावा, अशी नम्र विनंती आहे.

स्वाध्याय

१. अर्धावशेष शृतजल कोणत्या परिस्थितीत पथ्य व कोणत्या परिस्थितीत अपथ्य ठरेल? सकारण लिहा.
२. ५ मीटर व्यासाच्या विहिरीत २ मीटर पाणी आहे. नेहमीच्या शुद्धीकरणास किती टीसीएल पावडर लागेल?
३. आपल्या चिकित्सालयात वा औषधालयात वापरल्या जाणाऱ्या पाण्याचा स्रोत, शेवटच्या तपासणीची तारीख आणि विद्राव्य घटकांचे प्रमाण नोंदवा. त्यावरून अष्टमांश क्वाथात किती क्षार उतरतील, याचे गणित करा.